विचारल्याशिवाय बंद करू नये

सांगली
५ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप आबा,
पाया पडते.

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटणार नाही, म्हणून आधी मी कोण ते सांगते. मी अपेक्षा, जतच्या बिरदेवाची थोरली मुलगी. दिवाळी झाली की आमची मेंढरं खाली तुमच्याकडे यायची, उसाचा खोडवा मोडलेल्या रानात बसायची, आणि तुमचा यशराजदादा बांधावर मांडी घालून मला त्याच्या जुन्या लॅपटॉपवर शिकवायचा. ती मी. दादा गेल्यापासून तुमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या सर्व्हरची देखभाल आमच्या इथल्या ऑफिसकडे आहे आणि ऑफिसात ती माझ्याकडे आहे. तुम्ही संस्थेचे सचिव, म्हणजे कागदोपत्री माझे साहेबच.

तीन ईमेल पाठवले, उत्तर आलं नाही. फोन केला तर राहीकाकूंनी उचलला. म्हणाल्या, "त्यास्नी ऐकू येत न्हाई गं. कागदावर लिवून धाड, कागद वाचत्यात ते." म्हणून हे पत्र.

काम असं आहे. तुमच्या ऑफिसातला सर्व्हर नदीवरच्या मोटारी चालू-बंद करतो आणि कोणाच्या रानाला पाणी कधी मिळणार ते चारशे बारा सभासदांना मोबाईलवर कळवतो. त्याचा जो मूळ कारभारी भाग असतो, ज्याला आमच्या धंद्यात कर्नल म्हणतात, त्यात एक भगदाड सापडलं आहे. ते फक्त तुमच्याच मशीनमध्ये नाही, अशा सगळ्याच मशीनमध्ये आहे. त्यातून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. दुरुस्त केलेला नवा कर्नल आला आहे. तो मी इथूनच भरू शकते, पण जुना जाऊन नवा कामाला लागायचा तर सर्व्हर एकदा बंद करून परत चालू करावा लागतो. सगळं मिळून पाच मिनिटं.

पाण्याची पाळी नसेल असा एखादा दिवस कळवा. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
अपेक्षा

भैरोबावाडी, पोस्ट उंब्रज
१४ नोव्हेंबर २०२५

चि. अपेक्षा,
सुखी रहा.

पत्र मिळालं. तुझं अक्षर वळणदार आहे. यशराजचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं होतं, तरी तुझ्यासारखी शिष्या तयार झाली हे बरं झालं. तू लहानपणी बांधावरून पडून कपाळ फोडून घेतलं होतंस, ते माझ्या ध्यानात आहे.

कर्नल बदलायचा आहे हे वाचून आधी वाटलं, आमच्या पलटणीचं टपाल चुकून इकडे आलं. मग नीट वाचलं. सत्तावीस वर्षं फौजेच्या सिग्नल विभागात काढली, त्यातली निम्मी तोफांच्या शेजारी. कान तिथेच राहिले, पण लिहिलेलं मला समजतं. तुझं म्हणणं समजलं.

आता माझं ऐक. त्या सर्व्हरवर यशराजने चिकटवलेला एक कागद आहे. त्यावर लिहिलं आहे, 'मला विचारल्याशिवाय बंद करू नये. यशराज.' खाली तारीख १२ एप्रिल २०२१. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. त्यानंतर सतराव्या दिवशी कराडच्या दवाखान्यात तो गेला. दुसरी लाट होती ती, तुला माहीतच आहे. आम्हाला काचेतूनसुद्धा बघू दिलं नाही.

त्या दिवसापासून मशीन एक मिनिटही बंद पडलेलं नाही. बॅटऱ्या दोनदा बदलल्या, त्याही मशीन चालू ठेवून. जनरेटरचं डिझेल मी स्वतः बघतो. दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वाऱ्याने ऑफिसचे दोन पत्रे उडाले, तेव्हा मी आणि रानांना पाणी सोडणारा आमचा पाटकरी धुळा दोघे मशीनवर ताडपत्री धरून चार तास उभे होतो. पोस्टवर लावलेली ऑर्डर ज्याने दिली त्यानेच मागे घ्यायची असते. दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही. फौजेत हे पहिल्या महिन्यात शिकवतात.

तेव्हा बंद न करता काय करता येईल ते बघ. बिरदेवाला सांग, पश्चिमेचं रान मोकळं आहे, यंदा मेंढरं तिथेच बसव.

तुझा,
सुभेदार ज्ञानू (निवृत्त)

सांगली
२४ नोव्हेंबर २०२५

आबा,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. तो कागद मला माहीत नव्हता.

बंद न करता काही होतं का, ते आठ दिवस शोधलं. मोठ्या मशीनवर तशी सोय असते, तुमच्या मशीनवर ती नाही. का नाही ते सांगते. कर्नल म्हणजे तुमच्या धुळाभाऊंसारखा पाटकरी. मशीनच्या आत शंभर कामं एकाच वेळी पाणी मागत असतात. कोणाला किती आणि कधी सोडायचं ते तो ठरवतो, आणि सगळी दारं त्याच्या हातात असतात. पाणी वाहत असताना पाटकरी बदलता येत नाही. मोटार थांबवायची, जुन्याने उतरायचं, नव्याने उभं राहायचं आणि मग पाणी सोडायचं.

इस्लामपूरच्या बाजूला एका संस्थेचं मशीन गेल्या महिन्यात याच भगदाडातून कुणीतरी ताब्यात घेतलं. तीन आठवडे तिथे कुणाची पाळी कधी हे कुणालाच कळत नव्हतं. माणसं बांधावर एकमेकांच्या अंगावर गेली. तुमच्या मशीनचं दारही रोज कुणीतरी ढकलून बघतं आहे. त्याच्या नोंदी मला इथे दिसतात.

एक गोष्ट लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. लिहिते. ज्याला विचारायचं तो आता नाही, आबा. तुम्ही त्याची वाट किती दिवस बघणार?

रागावू नका. अण्णा पुढच्या पौर्णिमेच्या सुमारास मेंढरं घेऊन निघतील.

अपेक्षा

भैरोबावाडी
२ डिसेंबर २०२५

चि. अपेक्षा,

तो नाही हे मला सांगायला सांगलीहून पत्र यायची गरज नव्हती.

दाराला पहारा मी देतो आहे. तुमच्या ऑफिसला हे मान्य नसेल तर दुसरं गिऱ्हाईक बघा. या विषयावर यापुढे लिहू नये.

बिरदेवाला रान ठेवलं आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

सुभेदार ज्ञानू (निवृत्त)

भैरोबावाडी
१० जानेवारी २०२६

चि. अपेक्षा,

महिन्याभराने लिहितो आहे. गुरुवारी काय झालं ते तुला ऑफिसातून अर्धंमुर्धं कळलं असेल. सगळं माझ्याकडून ऐक.

सकाळी दहाची वेळ. मोटारी दुपारी दोनला सुरू व्हायच्या होत्या. धुळा वरच्या टप्प्याच्या व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये गाळ काढायला उतरला होता. तो उतरताना नदीवर फोन करून स्विच पाडायला सांगत नाही, कारण या मशीनने आजपर्यंत एक मिनिटाचीही चूक केलेली नाही. तो म्हणायचा, "यशराजनं लावून दिल्यालं हाय, त्ये चुकायचं न्हाई." दहा वाजून बारा मिनिटांनी मोटारी आपोआप सुरू झाल्या. पाण्याच्या लोंढ्याने त्याला चेंबरच्या भिंतीवर आपटलं. बिरदेव शेजारच्या रानात मेंढरांपाशी होता, त्याने आवाज ऐकला आणि काठी घालून त्याला वर ओढला. उजव्या खांद्याचं हाड मोडलं आहे. दोन महिने हात वर होणार नाही. डॉक्टर म्हणाले, डोकं वाचलं हे नशीब.

तुमच्या साहेबांनी कळवलं की बाहेरच्या कुणीतरी आत शिरून वेळापत्रक हलवलं आणि गंमत म्हणून मोटारी सोडल्या. त्याला इथे खाली माणूस उतरला आहे हे ठाऊकही नसेल. तू त्याच तासाला तुझ्यापुरती वाट ठेवून बाहेरचा, म्हणजे इंटरनेटचा, रस्ता तोडलास, हेही कळवलं. आता मशीन कुणाला निरोप धाडत नाही. मी वहीत पाळ्या लिहून सायकलवरून सांगत फिरतो आहे.

तू मला नोव्हेंबरातच सांगितलं होतंस. मी दवाखान्यात धुळाच्या उशाशी बसलो होतो, तेव्हा तो मला म्हणाला, "आबा, तुमी वाईट वाटून घिऊ नका." मला त्याच्याकडे बघवेना.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते तुला सांगतो. कागदाची गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. सर्व्हरला एक लहान पडदा जोडलेला आहे. यशराज त्या दिवशी त्याच्यासमोर बसून काम करत होता आणि तसाच उठला. त्याने उघडलेलं काम तसंच आहे. मी रोज सकाळी साडेआठला ऑफिस उघडतो, पडद्याचं बटण दाबतो, अक्षर न उमटवणारी एक कळ हळूच दाबून सोडतो, आणि त्याने टाईप केलेली ओळ दिसते. ओळीच्या शेवटी एक पांढरी रेघ लुकलुकते. तो चहा प्यायला गेला आहे आणि आता येईल, असं वाटतं. पाच मिनिटं बघतो आणि पडदा बंद करतो. राहीबाईलाही हे माहीत नाही. घरात त्याचा फोटो आहे. त्याला हार घालू दिलेला नाही मी तिला. चार वर्षं आमचं यावरून भांडण आहे.

मशीन बंद झालं की ती ओळ जाणार, एवढं मला कळतं. म्हणून नको म्हणत होतो. ऑर्डरचं कारण पुढे केलं.

ती ओळ इंग्रजीत आहे, मला समजत नाही. सोबतच्या चिठोऱ्यावर एकेक अक्षर उतरवून दिली आहे, सिग्नलचा माणूस आहे, चूक होणार नाही. तिच्यात काय आहे ते मला सांग. मग काय ते ठरवू.

तुझा,
ज्ञानू

सांगली
१४ जानेवारी २०२६

आबा,
नमस्कार.

आज संक्रांत. ऑफिसात सगळे तिळगूळ वाटत आहेत आणि मी दार लावून बसले आहे. धुळाभाऊंना बघून अण्णांनी फोन केला होता. ते म्हणाले, आता जेवतोय, डाव्या हाताने.

तुम्ही स्वतःला दोष देत आहात, तर आधी माझं ऐका. तुमच्या सर्व्हरमध्ये आत्ता कोण कोण काम उघडून बसलं आहे याची यादी मला इथून बघता येते. गेली चार वर्षं त्या यादीत पहिल्या ओळीवर एकच नाव आहे. यशराज, १२ एप्रिल २०२१ पासून. त्याच्या खाली मी येते आणि जाते. सकाळी कामाला बसले की तुमच्या मशीनमध्ये काही काम नसलं तरी मी आधी ती यादी काढायचे. तो वर, मी खाली. मला वाटायचं हे फक्त मलाच माहीत आहे. तुम्ही तिकडे साडेआठला पडद्यासमोर उभे असायचे आणि मी साधारण त्याच वेळी इथे.

आता लपवलेलं सांगते. मला तुमच्या परवानगीची गरज नव्हती. साहेबांनी डिसेंबरात लेखी सांगितलं होतं की सचिव ऐकत नसतील तर इथूनच करून टाक. पंधरा डिसेंबरला मी नवा कर्नल भरला. सर्व्हर बंद करून चालू करायची आज्ञा टाईप केली. फक्त एंटर दाबायचं होतं. यादीतलं पहिलं नाव बघितलं आणि हात मागे घेतला. साहेबांना सांगितलं, पाळ्या चालू आहेत, नंतर करू. मी तुम्हाला पत्रं लिहून दिवस मागत होते खरी, पण तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. त्या दिवशी एंटर दाबलं असतं तर धुळाभाऊंचा खांदा शाबूत असता. तेव्हा हा दोष तुमच्या एकट्याच्या नावावर जाऊ देणार नाही.

तुम्ही उतरवून दिलेली ओळ वाचली. तीनदा वाचली. मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन पाणी प्यायले.

आबा, ती तीच आज्ञा आहे. सर्व्हर बंद करून परत चालू करायची. दादाने पूर्ण टाईप केली आहे, एकही अक्षर राहिलेलं नाही. फक्त एंटर दाबलेलं नाही. मी जुन्या नोंदी काढून बघितल्या. बारा एप्रिलला सकाळी त्याने त्या वेळचा नवा कर्नल भरला होता, आणि दहा मिनिटांनी मशीन बंद करून परत उठवायला निघाला होता. मग थांबला. तेव्हापासून त्याचा नवा कर्नल तयार होऊन बाहेर उभा आहे आणि जुनाच काम करतो आहे.

तो मशीन चालू ठेवायचं म्हणून नव्हता बसला, आबा. ते बंद करायला बसला होता. मला एवढंच कळत नाही की तो का थांबला.

अपेक्षा

भैरोबावाडी
१८ जानेवारी २०२६

चि. अपेक्षा,

तो का थांबला ते मला माहीत आहे. तुझं पत्र वाचेपर्यंत आठवत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवत होतं, पण त्याला काही अर्थ आहे असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी ऑफिसच्या दारात आलो. तो पडद्यासमोर बसला होता. मान न वळवताच काहीतरी बोलला. ओठ दिसले नाहीत म्हणून मी पुढे जाऊन परत विचारलं. त्याने वळून सांगितलं, "आबा, पाच मिनिटं मशीन बंद करतोय." मी म्हणालो, "आत्ता नगं. शेवटच्या टोकाच्या रानांची पाळी चालूय, पाणी तुटंल. माणसं माझ्या नावानं वरडत्याल. सण झाल्यावर कर." एप्रिलचा उन्हाळा होता आणि टोकाला पाणी पोचायलाच सहा तास लागायचे. तो "बरं" म्हणाला. कळांवरचे हात उचलले, वहीचं पान फाडलं, त्यावर ते वाक्य लिहिलं आणि चिकटवलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी गुढी उभारताना त्याला ताप होता.

म्हणजे ऑर्डर त्याची नव्हतीच, माझी होती. मीच दिली आणि मीच तिच्यावर पहारा दिला. तो कागद त्याने का लिहिला, तेवढं फक्त सांग.

आणि दिवस मी देतो. २६ जानेवारी. सकाळी आठला ऑफिससमोर झेंडावंदन असतं, त्या दिवशी दुपारपर्यंत मोटारी बंदच असतात. तू तिकडून करू नकोस. त्याने टाईप केलेल्या ओळीवर एंटर मी दाबणार. तसं चालेल का ते कळव.

राहीबाईला सगळं सांगितलं. ती उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली.

ज्ञानू

सांगली
२१ जानेवारी २०२६

आबा,
नमस्कार.

चालेल. तेच बरोबर आहे.

कागद त्याने यासाठी लिहिला. काम अर्धवट होतं. अशा वेळी कुणी साफसफाई करताना वायर ओढली आणि मशीन उठताना अडलं, तर ते सोडवणारा तो एकटाच होता. म्हणून 'मला विचारून'. दोन दिवसांसाठीचा कागद होता तो. अशी चिठ्ठी लावायला त्याने मलाही शिकवलं आहे. माझ्या टेबलावर आत्ता दोन आहेत.

आता नीट वाचा. मी नवा कर्नल तपासून ठेवला आहे, मशीन उठेल तेव्हा तो कामाला लागेल. दादाने भरलेला काढलेला नाही. तो त्याच्या खालच्या जागेवर तयार आहे. नवा काही कारणाने अडलाच, तर पडद्यावर दोन-तीन ओळींची यादी येईल. खालच्या बाणाची कळ दाबून त्याची ओळ निवडा, मशीन त्याच्यावर उठेल. नदीवरचे स्विच आधी पाडून ठेवा, आणि चेंबरमध्ये कुणी नाही हे स्वतः बघा.

दादाने त्या दिवशी पूर्ण अधिकार घेऊनच काम उघडलं होतं, त्यामुळे पासवर्ड विचारणार नाही. एंटर दाबलं की पडदा काळा होईल. तीन ते पाच मिनिटं काही दिसणार नाही. घाबरू नका, काही दाबू नका. मी साडेनऊला इथे बसलेली असेन. बाहेरचा रस्ता मी मशीन उठल्यावर उघडेन.

माझ्या यादीतून त्याचं नाव जाताना मला दिसेल. तुम्ही तिकडे आहात एवढं माहीत असलं की पुरे.

अपेक्षा

भैरोबावाडी
२६ जानेवारी २०२६, दुपार

चि. अपेक्षा,
अनेक आशीर्वाद.

काम झालं हे तुला आधीच कळलेलं आहे. इथे काय झालं ते लिहितो. फौजेतली सवय, घटनेचा रिपोर्ट त्याच दिवशी द्यायचा.

आठला झेंडा झाला. शाळेची मुलं गेल्यावर मी नदीवर जाऊन स्विच पाडले आणि तिन्ही चेंबरमध्ये डोकावून आलो. ऑफिसात आलो तर बिरदेव घोंगडं खांद्यावर टाकून दारात उभा होता. धुळा गळ्यात हात अडकवून खुर्चीवर होता. मी त्याला घरी राहायला सांगितलं होतं. आणि आत राहीबाई होती. यशराज गेल्यापासून तिने या ऑफिसची पायरी चढली नव्हती. दंडाला धरून मी तिला पडद्यासमोर नेलं आणि ती ओळ दाखवली. तिने पदराने पडदा पुसला. धूळ नव्हती त्यावर.

साडेनऊ झाले. मी खुर्चीत बसलो. बोट कळेवर ठेवलं आणि कागदाकडे लक्ष गेलं. मला विचारल्याशिवाय. तुझं पत्र वाचून कागदाचा अर्थ कळला होता, पण वर्षानुवर्षं पाळलेली गोष्ट बोटातून लगेच जात नाही. तेव्हा मी विचारलं. मोठ्याने विचारलं, कारण माझा आवाज किती मोठा असतो ते मला कळत नाही. म्हणालो, "यशराज, पाळी संपली. आता बंद करू का?"

बिरदेवाने घोंगडं खाली ठेवलं. मला तर तसंही काही ऐकू येत नाही, मी नुसता कागदाकडे बघत होतो. मग राहीबाईने माझी हनुवटी धरून तोंड तिच्याकडे वळवलं, आणि तिच्या ओठांवरून मला कळलं.

"कर म्हणतोय."

मी एंटर दाबलं.

पडदा काळा झाला. मशीनच्या पंख्यावर हात ठेवला होता, तो थांबल्याचं कळलं. सतराशे पन्नास दिवस त्या लुकलुकणाऱ्या रेघेजवळ मी रोज उभा राहिलो होतो, ती गेली. सरहद्दीवर पाळत ठेवून रात्री काढल्या, पण ही चार मिनिटं त्यांच्याहून लांब होती. धुळा घड्याळाकडे बघून बोटांनी मिनिटं दाखवत होता. चौथं बोट वर केलं आणि पंखा परत हाताला जाणवला. मग पांढऱ्या ओळी भराभर वर गेल्या. तू लिहिलेली दोन-तीन ओळींची यादी आली नाही, नवा कर्नल उठला. शेवटी पडदा स्वच्छ झाला, आणि वर फक्त विचारलं होतं, नाव काय.

थोड्या वेळाने धुळाचा मोबाईल उजळला. तू रस्ता उघडला असशील. मशीनने त्याला निरोप धाडला होता, तुमच्या रानाची पाळी आज दुपारी दोन वाजता. त्याने तो डाव्या हाताने मला दाखवला. मग बिरदेवानेही त्याचा दाखवला, त्याला संस्थेने उगीचच सभासद करून ठेवलं आहे मेंढरांच्या पाण्यासाठी.

राहीबाईने विचारलं, "त्याची ओळ कुठं गेली?" मी सांगितलं, ड्युटीवरून उतरला.

हे तोंडातून निघालं आणि मग मला समजलं, अपेक्षा. पोस्टवरचा जवान बदली आल्याशिवाय जागा सोडत नाही, आणि बदली द्यायची ती गार्ड कमांडरने. मी इतके दिवस समजत होतो की मी त्याची राखण करतो आहे. त्याला तिथे उभं मी ठेवलं होतं. "आत्ता नगं" म्हणालो, आणि मग त्याला मोकळं करायला पोचलोच नाही. तो "बरं" म्हणून उभा राहिला. आईबापाचं ऐकणारा पोरगा होता. मी खुर्चीत बसूनच रडलो. सगळ्यांसमोर. दवाखान्याच्या दारात रडलो नव्हतो.

कागद काढताना फाटू नये म्हणून बिरदेवाने पाणी लावून सोडवला. तो माझ्या सर्व्हिस बुकात ठेवला आहे. नवीन कागद मी लावला आहे, त्यावर लिहिलं आहे, चेंबरमध्ये माणूस उतरण्याआधी नदीवरचा स्विच पाडावा. खाली माझी सही. पुढचा सचिव येईल तेव्हा त्याने तो बदलावा, असंही लिहिलं आहे.

मशीन आता तुझ्याकडे. तुला वाटेल तेव्हा बंद कर, वाटेल तेव्हा चालू कर, मला विचारू नकोस. नुसतं कळव.

बिरदेव म्हणतो, पुढच्या आठवड्यात मेंढरांचा वाडा हलवणार. त्याआधी एक दिवस ये. तुझी काकू वाट बघते आहे.

घरी आल्यावर ती सरळ घरामागच्या परड्यात गेली, शेवंतीची फुलं तोडून आणली आणि ओसरीवर बसून हार ओवला. माझ्याकडे बघून विचारलं नाही. मी स्टूल आणून भिंतीशी ठेवलं आणि ती फोटोपर्यंत पोचावी म्हणून धरून उभा राहिलो.

तुझा,
आबा